जीपीएसच्या ओळीतला आकडा नीट वाचा

संपादक महोदय,

अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत गाडीचा माग काढणारे यंत्र हमखास असते, आणि ते चुकते बहुधा एकाच ठिकाणी: सिरियलवरून (एकामागून एक अक्षर पाठवणाऱ्या तारेवरून) आलेल्या अक्षरांचा आकडा करताना. जीपीएस अक्षांश '१८३१.२३४५' असा पाठवतो. म्हणजे १८ अंश, ३१.२३४५ मिनिटे, मिनिटांना ६० ने भागून १८.५२०५७५ अंश. हाच आकडा सरळ १८.३१२३४५ धरला, तर पुण्यातली गाडी सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला दिसते.

आठ बिटी एव्हीआरवर (अशा यंत्रांतल्या छोट्या नियंत्रक चिपवर) फ्लोट, म्हणजे दशांश आकड्यांचा प्रकार, टाळाच. त्यात जेमतेम सात अंक टिकतात. टिंब गाळून मिनिटे ३१२३४५ अशी लाँगमध्ये (३२ बिटी पूर्णांकात) घ्या, १०० ने गुणा, ६० ने भागा: ५२०५७५, म्हणजे १८ अंशांपुढचे दशांश अंक. तिथला इंट हा साधा पूर्णांक १६ बिटी असल्याने ३२७६७ च्या पुढे तो फसतो.

दुसरी खोड स्ट्रटॉकची, म्हणजे ओळीचे स्वल्पविरामांवर तुकडे करणाऱ्या सी भाषेतल्या फंक्शनची. उपग्रह सापडले नसतील तर आरएमसी ओळीतले (जीपीएस वेळ, स्थान, तारीख पाठवतो त्या ओळीतले) रकाने रिकामे येतात, लागोपाठ स्वल्पविराम दिसतात. स्ट्रटॉक ते सगळे एकच समजतो आणि अक्षांशाच्या जागी चक्क तारीख येऊन बसते! म्हणून स्वल्पविराम स्वतः मोजावेत, 'ए' (A) ही स्थान वैध असल्याची खूण असेल तरच पुढे जावे.

इंटरप्टमध्ये (अक्षर येताच मुख्य काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) फक्त अक्षर साठवावे, ओळीची फोड मुख्य लूपमध्ये करावी. ओळीतल्या डॉलर ($) आणि तारा (*) या चिन्हांमधल्या अक्षरांचा एक्सॉर (बिटांची तुलना करून काढलेली पडताळणी बेरीज) ताऱ्यापुढच्या दोन षोडशमान अंकांशी जुळला नाही, तर ती ओळ टाकून द्यावी. प्रकल्प तपासणाऱ्या शिक्षकांनी रिकाम्या रकान्यांची ओळ मुद्दाम देऊन पाहावी, ही कळकळीची विनंती.

– एक एम्बेडेड अभियंता, पुणे