समाजभवनाची चाबी कोणाकडे राहणार, हे आधी ठरवा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर दर चार-आठ दिवसांनी एक फोटो असतोच. नारळ, कुदळ, गळ्यात दुपट्टे घातलेले पाहुणे आणि मागे बॅनर, अमुक गावात समाजभवनाचं भूमिपूजन थाटात. मला तो फोटो पाहून आनंदच होतो, कारण गावाला एकत्र बसायला एक पक्कं छत असणं किती मोठी गोष्ट आहे हे गावात राहिलेल्यालाच कळतं. पण त्याच हॉलचं तीन वर्षांनी काय झालं, लाईट आहे का, कुलूप कोण उघडतं, हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी कुही तालुक्यातला. धान आणि मिरचीचं गाव, दीडशे उंबरठ्यांचं. एक टर्म ग्रामपंचायतीत सदस्य होतो, आमचा हॉल त्याच काळात पंचवीस-पंधराच्या निधीतून झाला (राज्याच्या ग्रामविकास निधीचं लेखाशीर्ष २५१५, पण गावात सगळे त्याला पंचवीस-पंधराच म्हणतात). पहिल्या वर्षी पाया आणि कॉलम झाले, मग निधी थांबला, सळाखी पावसाळाभर तशाच गंजत उभ्या, मग स्लॅब, प्लास्टर, रंग आणि शेवटी कोनशिला. स्लॅबला पाणी मारायला गावात नळ नव्हता त्या उन्हाळ्यात, बाया घरून गुंड भरून आणायच्या आणि शिडीवर हातोहात वर द्यायच्या. माझी माय त्यात होती, सत्तरीच्या पुढची, नको म्हटलं तरी ऐकली नाही.

तीन वर्षांनी माय गेली. श्रावण होता, सकाळपासून झड लागलेली, तेरवीला आजूबाजूच्या गावचे सोयरे येणार. मी म्हटलं हॉल आहे ना, काळजी कायची. कुलूप उघडायला गेलो तर चाबी ज्यांच्याकडे असायची ते नागपूरला गेलेले, फोन लावला तर म्हणतात, ‘दादा, चाबी त माह्याच खिशात हाय.’ शेवटी कुलूप तोडलं. आत मिरचीची पोती, अर्धी भिंत झाकून टाकली इतकी, ज्याची होती तो म्हणे मले कोणी नाही म्हटलं नव्हतं. मिरचीचा ठसका आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, दार उघडलं तसे सगळे खोकलतच बाहेर आले. पोती हलवली, झाडलं, पुसलं, तरी आत बसवेना, लेकरं डोळे चोळत रडायला लागली. लाईट नव्हती कारण बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेलं, लाईट नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून पाणी नाही आणि पाणी नाही म्हणून संडासाला कधीचंच कुलूप. ऐंशी वर्षांच्या माझ्या मावशीला दोघींनी धरून भर पावसात चिखलातून शेजारच्या घरी न्यावं लागलं. लोक गोठ्याच्या टिनाखाली बसून जेवले, पत्रावळीत पाणी पडत होतं आणि एका हाताने पत्रावळ झाकून दुसऱ्या हाताने खात होते.

ज्या स्लॅबला मायनं पाणी मारलं तो तिच्याच तेरवीला कामी आला नाही, हे मला अजून सलतं. आणि त्या हॉलच्या ठरावावर माझी सही आहे. हॉल बांधायचा एवढंच त्यात लिहिलेलं, चालवायचा कोणी याबद्दल एक ओळ नाही.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो, कागद वाचले, पंचायत समितीत चकरा मारल्या, चार जाणत्यांना विचारलं. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे की बांधायला पैसा मिळतो आणि चालवायला मिळत नाही. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, पण तो टिकाऊ मालमत्तेसाठी, वीजबिल किंवा चौकीदार असा रोजचा खर्च त्यात बसत नाही, आणि देखभाल कोण करणार हे कामाच्या आधीच लिहून घ्यायचं असं त्याच नियमात आहे. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित ठरले, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, उरलेले ४० टक्के अबंधित म्हटले पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्चाला मनाई. मग राहतो ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा, घरपट्टी-पाणीपट्टीचा. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात आणि ते काढलेच पाहिजेत. लहान गावात मुळात वसुली किती, त्यातून हॉलचं बिल कोण भरणार? आणि हॉल बंद असला तरी बिलातला स्थिर आकार दर महिन्याला चढतच राहतो.

आमच्याकडे फरक पडला तो बायांमुळे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, बऱ्याच गावात ती रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेऊन उरकतात, आमच्याकडे त्या वर्षी ती खरंच झाली आणि बचत गटाच्या बायांनी विषय टाकला की हॉल आम्हाला चालवायला द्या. पुढे ग्रामसभेत तासभर तोंडातोंडी झाली, पैशाचा हिशोब यांना जमेल का वगैरे. तेव्हा एक म्हातारी उठून म्हणाली, ‘तुमच्या हाती व्हता तवा मिरची भरली नं, आता आमच्या हाती द्या.’ ठराव झाला. हॉल ग्रामपंचायतीच्याच नावावर, नमुना २२ म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीतली नोंद तशीच, फक्त चालवणं गटाकडे. थकलेलं बिल घरोघरी वर्गणी करून भरलं, मीटर परत बसलं.

आता काय आहे ते सांगतो. एक लांब वही आहे, दोरीने खिळ्याला बांधलेली. हॉल घेताना तारीख, नाव, कार्यक्रम, मीटरचं रिडिंग आणि भांडी मोजून लिहायची, परत करताना पुन्हा रिडिंग आणि पुन्हा मोजणी. भाडं गावातल्याला पाचशे, बाहेरच्याला हजार, तेरवीला भाडं नाही, जेवढी लाईट जळली तेवढेच पैसे. पावती ग्रामपंचायतीची, नमुना ७ ची, म्हणून पैसा कोणाच्या घरी राहत नाही. अनामत वेगळी. माझ्या पुतण्याच्या साक्षगंधात दोन ग्लास आणि एक झारा कमी भरला तर मला माजी सदस्य म्हणून सोडलं नाही, अनामतीतून कापले आणि मला ते फार आवडलं. भांडी गावानेच दिली, लोक आपल्या माणसाच्या नावाने गंज, पराती देतात नाव कोरून, मीही मायच्या नावाने दोन मोठे गंज दिले आहेत.

बांधकामाबद्दलही थोडं लिहितो, कारण नवीन हॉल जिथे होणार आहेत तिथल्या लोकांनी इस्टिमेट होतानाच बोलावं, नंतर काही होत नाही. आमच्या नकाशात रांधायला जागाच नव्हती, त्यामुळे पावसाळ्यात आचाऱ्यांनी आतच भट्टी पेटवली आणि टाईल्स तडकून उडाल्या. मागच्या बाजूला टिनाचं एक साधं शेड आणि धुणंभांड्याचा ओटा पाहिजेच. दुसरं म्हणजे उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लग्नं त्याच दिवसात, तिथे कमी उंचीचं टिनाचं छत टाकलं तर नवरा-नवरीला घेरी येईल, छत उंच ठेवा आणि खिडक्या समोरासमोर काढा, आमच्याकडे एकाच बाजूला आहेत. स्लॅब टाकतानाच पंख्यांच्या हुकासोबत चार-सहा कड्या जास्तीच्या सोडा, नाहीतर डेकोरेशनवाले प्रत्येक लग्नात भिंतीत नवीन खिळे ठोकतात. पायऱ्यांशेजारी रॅम्प. आणि संडास, पाण्याची टाकी हे बंधित निधीतून घेता येईल का हे ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होतानाच विचारून ठेवा.

अजून एक गोष्ट मला उशिरा समजली. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात कधी धूळ दिसत नाही कारण तिथे रोज संध्याकाळी वंदना होते, मारुतीच्या पारावर तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते म्हणून पार झाडलेला असतो. हॉल मात्र वर्षातून दहा-पंधरा दिवस उघडायचा, मग तिथे पोती येणारच, पत्ते खेळणारेही येणार. म्हणून आता संध्याकाळी सहा ते दहा हॉल भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना दिला आहे अभ्यासाला, लाईटचे पैसे त्यांच्याकडून घेत नाही, बदल्यात झाडणं त्यांचं. आणि सगळ्यांना देतो, कोणत्या समाजाचा हे विचारत नाही, ते ठरावात शब्दात लिहून घेतलं आहे. काही गावांत एकाच गल्लीत प्रत्येक समाजाचं वेगळं भवन आहे आणि सगळ्यांना कुलूप आहे, ते पाहून जीव तुटतो.

माझी मागणी लोकप्रतिनिधींना आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना आहे. हॉल मंजूर करताना ग्रामसभेचा ठराव मागता, त्यात बांधकामासोबत चार ओळी सक्तीच्या करा: चाबी कोणाकडे, भाडं किती, बिल कशातून भरणार, पाणी कुठून. खासदार निधीत देखभालीचं आधी लिहून घेता तसं सगळ्याच निधीत घ्या. आणि ती ग्रामसभा खरी असू द्या, कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० यातला जो आकडा कमी तो आहे, दीडशे उंबरठ्यांच्या गावात एवढी माणसं जमवणं कठीण नाही. संपादक साहेब, आपल्याला विनंती की भूमिपूजनाचे फोटो छापताना कधी पाच वर्षांपूर्वीचा फोटो काढून त्या गावात आपला वार्ताहर पाठवा.

आमच्याकडे पाठवायचं झालं तर येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला पाठवा, रॅम्प आणि मागचं रांधायचं शेड हे दोन विषय आहेत. त्याआधी आले तरी चालेल. चाबी अंगणवाडीच्या बाजूच्या घरी मिळते, फक्त वहीत नाव आणि रिडिंग लिहावं लागेल.

आपला नियमित वाचक,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य
ता. कुही, जि. नागपूर