दादा, तबल्याची गवसणी निघाली

प्रिय दादा,

तुम्ही ध्वनिमुद्रित केलेला आमचा अल्बम एकदाचा पूर्ण झाला. सगळे एकत्र बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि संपल्यावर प्रत्येकाच्या तोंडी आधी तुमचंच नाव आलं. फोनवर हे सांगायला गेलो असतो तर ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

आमच्यातला एकही जण गाण्यावर पोट भरत नाही. पेटी, तबला, गिटार, दोन गळे आणि एक मोकळी खोली, एवढंच आमचं भांडवल. तुमच्या आधी एक गृहस्थ येऊन गेले होते. नाव घेत नाही. घ्यावं असं त्यांनी काही केलेलं नाही. आगाऊ पैसे घेतले, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायला लावले (त्याने बाहेरचा आवाज अडत नाही, हे पुढे तुमच्याकडून कळलं), मीटर लाल होईस्तोवर लेव्हल चढवून गाणी फाडून ठेवली आणि वर ‘नंतर करू नीट’. फाटलेला आवाज नंतर काय डोंबल नीट होणार!

तेही विसरलो असतो. पण आमच्या तबलजीला ते सगळ्यांदेखत म्हणाले, ‘तुमचा ताल कच्चा आहे, त्यापेक्षा लूप टाकू.’ लूप म्हणजे मशीनवर फिरत राहणारा तयार ठेका. तो हसला. तबल्याला गवसणी घातली. पुढेही यायचा, सतरंजी अंथरायचा, केबली गुंडाळून ठेवायचा, पण तबल्याला हात लावेना. आम्हीही त्याला धड काही बोलू शकलो नाही.

तुम्ही आलात ते फारसं न बोलताच. जुना टेक ऐकलात, लॅपटॉपवर काहीतरी उघडून पाहिलंत आणि विचारलंत, ‘तबला कोण वाजवतं?’ तो दारापाशी उभा होता. तुम्ही उठून त्याच्याकडे गेलात. त्याला तबल्यापाशी आणून बसवलंत, तुमच्या कानांवरचे हेडफोन काढून त्याच्या कानांवर चढवलेत आणि म्हणालात, ‘एक थाप मारा.’ त्याने मारली. हात पडला तेव्हा नाही, किंचित मागाहून ती त्याच्या कानात आली. बफर, म्हणजे आवाजाचे जेवढे नमुने लॅपटॉप साठवून मग पुढे सोडतो तो आकडा, १०२४ वर होता, त्या गृहस्थांनीच ठेवलेला. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांना, एका बाजूनेच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर. जाऊन-येऊन दुपटीच्या घरात. तुम्ही तो १२८ वर आणलात. ‘आता मारा.’ थाप जागच्या जागी.

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, ‘ताल यांचा पक्का आहे. मशीन मागे पडत होतं, आणि हे त्याला सांभाळून घेत होते.’

दादा, ते सेटिंग गुपचूप बदलून तुम्ही कामाला लागला असतात तरी अल्बम झालाच असता. पण ज्यांच्यासमोर त्याचा पाणउतारा झाला त्यांच्यासमोरच त्याचा मान परत द्यायला हवा, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आम्ही तर काहीच बोललो नव्हतो.

बाकी कामाचं काय सांगू! गाणाऱ्यांच्या मागे गोधड्या टांगल्यात. पेटीचे सूर हलवता येत नाहीत म्हणून गिटारच तिच्याशी जुळवायला लावलीत. ‘२४ बिटला घेतोय, आवाज उणे १२ डेसिबलला, म्हणजे जरा हळू राहिला तरी चालेल, घसा ताणू नका’ असं सांगून गाणाऱ्यांची अर्धी धाकधूक घालवलीत. टेकच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागे, तर टेक संपला की आमच्या आधी तुम्हीच उठून तो लावायचात.

माहीतगार माणसं पुष्कळ भेटतात. त्यातल्या बऱ्याच जणांना समोरच्याचं अज्ञान दाखवून दिल्याशिवाय आपली माहिती सिद्ध झाल्यासारखी वाटत नाही. हौशी माणूस तर त्यांचं आयतं गिऱ्हाईक. तुम्ही आमच्याशी पहिल्या दिवसापासून कलाकारांशी बोलावं तसं बोललात. आम्ही तेवढे आहोत की नाही हा प्रश्न वेगळा, पण वाजवलं मात्र तसंच.

आता एक कबूल करून टाकतो. श्रेयनामावलीत नाव नको, असं तुम्ही बजावलं होतंत. ते आम्ही ऐकलेलं नाही. ध्वनिमुद्रण म्हणून तुमचं नाव आहे आणि तबलजीच्या हट्टामुळे ते सगळ्यांच्या वर आहे. रागवायचं तर त्याच्यावर रागवा. फक्त संध्याकाळी फोन करू नका, तो रियाजाला बसलेला असतो आणि उचलत नाही.

आपली,
हौशी मंडळी