पंप बदलण्याआधी बाटली लावून बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझी १९८४ची प्रीमियर पद्मिनी खंबाटकी चढताना धापा टाकू लागली की ज्याला त्याला पेट्रोल पंपच बदलायचा असतो. एका गॅरेजवाल्याने तर इलेक्ट्रिक पंप बसवायचा आग्रहच धरला. मूळ पंप इंजिनातल्या कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्याच्या धक्क्यावर चालतो, दाब जेमतेम दोन-चार पीएसआय (दाबाचं एकक). इंजेक्शनच्या गाडीचा जोरकस पंप लावला, तर कार्ब्युरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाची) पेट्रोल अडवणारी नीडल उचलली जाऊन पेट्रोल ओसंडणारच!

आधी थंड इंजिनावर, ठिणगी पडू नये म्हणून, कॉइलची वायर काढावी, कार्ब्युरेटरकडची नळी बाटलीत सोडावी आणि स्टार्टर मारावा. ठसठशीत पिचकाऱ्या आल्या तर पंप निर्दोष. नाही आल्या, तरी आधी टाकीकडची रबरी नळी तपासावी. तिला बारीक चीर असली की पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो, आणि बाहेर थेंबही गळत नाही. पंपाची जाळी व झाकणाखालचं गॅस्केटही पाहावं. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर मात्र बहुधा पंपातला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटलाय. गाडी तिथेच उभी करा; पातळ ऑइलने बेअरिंगं जातात.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. जुन्या रबराला ते मानवत नाही. बाजारातल्या दुरुस्ती किटवर मात्र डायफ्रॅम कुठल्या रबराचा, याचा पत्ता नसतो. उत्पादकांनी निदान तेवढं तरी पाकिटावर छापावं.

— एक पद्मिनीधारक, सातारा