चासीला टाका मारलेला नाही

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही एकच विचारलंत, "चासीला वेल्डिंग केलं नाहीस ना?" मी 'नाही' म्हणतोय तोवर आईने फोन घेतला आणि विषय राहिला. म्हणून सविस्तर लिहितो.

पिकअप दोनदा चिखलात रुतल्यावर विंच, म्हणजे दोर ड्रमवर गुंडाळत गाडी ओढून काढणारं विजेवरचं यंत्र, घ्यायचं ठरवलं. पण चाळीस किलोच्या आसपासचं ते धूड कायमचं नाकावर बसवून कशाला हिंडायचं? पुढच्या स्प्रिंगांवर भार, रेडिएटरच्या हवेला आडकाठी. मागे ट्रेलरसाठी दोन इंची चौकोनी रिसीव्हर, म्हणजे दांडा खुपसायची नळी, आहेच. तसाच पुढे केला, की विंच दांड्याच्या ट्रेवर बसवून हवी त्या टोकाला खुपसायची आणि आडवी पिन घालायची. शिवाय रुतलेली गाडी बहुतेकदा आली त्या वाटेनेच बाहेर काढावी लागते. तेव्हा पुढे ठोकलेली विंच काय कामाची?

विंच गाडीच्या भरल्या वजनाच्या निदान दीडपट ताकदीची घेतात. माझी गाडी भरून 2,700 किलो, म्हणून विंच 9,500 पौंडांची, म्हणजे साधारण 4,300 किलोची. हा आकडाही ड्रमवर दोराचा पहिला थर असतानाचा. थर चढत गेले की ओढ कमी होत जाते.

आता चासी. बंपरच्या ब्रॅकेटची आणि टो-हुकची भोकं चासीच्या दोन्ही टोकांना होतीच. पुठ्ठ्याचे साचे कापून ती उतरवली आणि दोन्ही बाजूंना 10 मिलिमीटरच्या प्लेटी केल्या. प्रत्येकीला चार बोल्ट, डोक्यावर 10.9 कोरलेले, म्हणजे जास्त ताकदीचे. मधे आडवा चौकोनी पाइप आणि त्याच्या बरोबर मध्यावर रिसीव्हर. गाडीवर फक्त मापं जुळवली, टाके जमिनीवर मारले. एक गोष्ट अजून खटकते: चासीची ही टोकं धडक बसली की चुरगळावीत अशीच बनवलेली असतात आणि मी ती थोडी ताठ केली आहेत. म्हणून नळी बंपरच्या बाहेर काढली नाही आणि विंच काम झालं की उतरवतोच.

मी आधी नुसती सरळ ओढ धरून हिशेब केला होता. पण दोर नळीच्या चांगला अर्धी वीत वर असतो आणि ट्रे हातभर पुढे. ओढ लागली की विंच नाक खाली घालते आणि नळीचं तोंड फाकवायला बघते. तिरकं ओढलं तर आणखी वाईट. कागदावर हे काढलं तेव्हा त्रिकोणी गस्सेट, म्हणजे कोपऱ्यांना आधाराच्या पट्ट्या, वर-खाली वाढवले. मला आधी पिनचीच काळजी होती, पण ती 5/8 इंची आहे आणि तुटायची तर एकदम दोन ठिकाणी कापली जायला हवी. खरी भीती वाकण्याची.

फजितीही सांगतो. रिसीव्हरसाठी बाजारातला साधा अडीच इंची चौकोनी पाइप घेतला, जाडी पाव इंच, म्हणजे आत बरोबर दोन इंच. हिशेब चोख, पण ट्रेचा दांडा आत जाईना! पाइपच्या आतून लांबच लांब वेल्डची शिवण होती. दोन संध्याकाळी कानस घेऊन बसलो, तुमची आठवण काढत. मग वेल्ड करताना एकाच बाजूला लांब टाके मारले आणि नळी त्या बाजूला खेचली गेली. दांडा पुन्हा अडला. तो पाइप टाकून दिला आणि आतून शिवण काढलेला, रिसीव्हरसाठीच मिळतो तो आणला. या वेळी समोरासमोरच्या कोपऱ्यांना छोटे टाके, मधे निवायला वेळ.

विजेचंही तितकंच जपावं लागतं. पूर्ण ओढीला मोटर चारशेच्या वर अँपिअर खाते, म्हणून बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड केबल आणि जवळच ब्रेकर.

चाचणीआधी प्रत्येक बोल्टवर, नटापासून प्लेटीपर्यंत, रंगाची रेघ मारली, म्हणजे बोल्ट ढिला झाला तर लगेच दिसेल. मागची चाकं अडवली, दोर झाडाच्या पट्ट्याला लावला आणि हळूहळू ताणला. दोर सिंथेटिक आहे, पोलादी नाही. तुटला तर पोलादी दोराइतका सपकन उलटत नाही. तरी त्यावर जुनी घोंगडी टाकलीच आणि मी बाजूला उभा राहिलो, हे आईला नक्की सांगा. एकही रेघ सरकली नाही.

पुढच्या वेळी कप्पी लावून दुप्पट ओढ करून बघणार. दोराचं परतीचं टोक मात्र रिसीव्हरला नको, चासीच्या टो-हुकला लावेन, म्हणजे रिसीव्हरवर एकाच पदराचा भार येईल. हे तुम्हाला पटतं का ते कळवा.

फोटो सोबत आहेत. डाव्या गस्सेटच्या वेल्डकडे फार बारकाईने बघू नका. खपली काढल्यावर तो असाच दिसला, मग खरवडून पुन्हा केला, पण तोवर फोटो काढून झाला होता.

आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा