टोपणनावांच्या दंतकथा नकोत, खरा इतिहास छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरांच्या टोपणनावांमागच्या गमतीजमती वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत नेहमी येतात. मी त्या आवडीने वाचतो, पण त्यांत ऐकीव गोष्टींचाच भरणा असतो, याचे वाईट वाटते.

न्यूयॉर्कचे ‘बिग ॲपल’ घ्या. ईव्ह नावाच्या कुंटणखानावालीवरून हे नाव पडले, असे सर्रास सांगतात. ती निव्वळ थाप आहे. हे नाव रुळवले घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणाऱ्या जॉन फिट्झ जेराल्ड या पत्रकाराने, आणि ते कुठे ऐकले हेही त्याने १९२४ मध्ये छापून ठेवले आहे. न्यू ऑर्लीन्सच्या रेसकोर्सवर दोन कृष्णवर्णीय मोतद्दार घोडे फिरवत होते. इथून पुढे कुठे, असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, ‘बिग ॲपलला.’ त्यावर पहिल्याने सुनावले, ‘मग या हडकुळ्यांना आधी खाऊ घाल, नाहीतर सफरचंदाची नुसती साल हाती लागेल!’ मोठ्या बक्षिसांच्या शर्यती न्यूयॉर्कला होत, म्हणून ते मोठे सफरचंद. फिट्झ जेराल्ड राहत असे त्या चौकाला १९९७ मध्ये हे नाव मिळाले. मोतद्दारांची नावे मात्र त्याने लिहिलीच नव्हती.

याच शहराला वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकन लेखकाने १८०७ मध्ये ‘गॉथम’ म्हटले, ते टोमणा म्हणून. इंग्लंडमधल्या गॉथम गावाच्या लोकांनी राजाची स्वारी टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेतले, अशी दंतकथा आहे. वेड पांघरून पेडगावला जाणारे तिकडेही होते तर!

शिकागोच्या ‘विंडी सिटी’ (वाऱ्याचे शहर; ‘विंडी’ म्हणजे बढाईखोरही) या नावाचे श्रेय १८९३ च्या जागतिक प्रदर्शनावेळच्या एका न्यूयॉर्ककर संपादकाला देतात. प्रत्यक्षात सिनसिनाटीच्या एका दैनिकाने १८७६ मध्येच शिकागोतल्या चक्रीवादळाच्या बातमीला तसा मथळा दिला होता. वाऱ्याच्या आडून प्रतिस्पर्धी शहराच्या बढाईखोरपणालाही चिमटा काढला होता. योगायोग असा की, त्याच १८७६ साली ब्रिटिश युवराजाच्या स्वागतासाठी जयपूर गुलाबी रंगवले गेले. एका शहराला मानपानातून नाव मिळाले, दुसऱ्याला हेटाळणीतून. यात गूढ संकेत वगैरे काही नाही, पण इतिहास एवढा रंजक असताना थापा कशाला हव्यात?

आपल्या पुरवणीत यापुढे अशी नावे देताना ती कोणी आणि केव्हा छापली, याची एक ओळ जरूर द्यावी. पुरावा नसेल तिथे ‘दंतकथा’ असे स्पष्ट लिहावे, ही विनंती.

– एक नियमित वाचक