ट्रेनर पारखायचा कशावरून? माननीय क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अंगणवाडी सेविका आहे. माझा धाकटा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. जिमच्या ट्रेनरनं झेपणार नाही एवढा व्यायाम करून घेतला, आणि ग्राउंडच्या म्हणजे मैदानी चाचणीच्या तारखेला तो दवाखान्यात सलाईनवर पडून होता. जिथे दाद मागायची तिथे मी याची लेखी तक्रार दिली आणि पंधरवड्यात चौकशी करू, असं मला सांगण्यात आलं. गेल्या आठवड्यात मोबाइलवर संदेश आला, ‘तक्रार निकाली’. चौकशीला कोणी आलं नव्हतं. मी कार्यालयात गेले, तर साहेब म्हणाले, “बाई, ट्रेनर निवडताना पालकांनीच खात्री करून घ्यायची असते.”

या वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. पोरगा पळायला चांगला, गोळ्यात मार खायचा. अंगात ताकद यावी म्हणून त्यानं जिम लावली. मालकानं सांगितलं, पर्सनल ट्रेनिंग घे, ग्राउंडपर्यंत तयार करून देतो. त्याचे महिन्याला पाच हजार वेगळे. माझं मानधन किती आहे हे सरकारला ठाऊक आहे, कारण ते सरकारच ठरवतं.

ट्रेनर माझ्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. दंड भरलेले, मागे भिंतीवर सोनेरी चौकटीत इंग्रजी सर्टिफिकेट, त्यावर गोल शिक्का. आम्ही खात्री करायची ती याच कागदावरून ना? तो कागद दोन दिवसांच्या कार्यशाळेचा होता, हे मुलगा दवाखान्यात गेल्यावर कळलं.

पहिल्या आठवड्यातच त्यानं पोराकडून तीनशेच्या वर बैठका मारून घेतल्या, मध्ये विसावा नाही. वर बिनलेबलच्या डब्यातली पावडर पाण्यात घालून पाजली. पोराला उलटी झाली, तर म्हणाला, “घाण बाहेर पडतेय, थांबू नको.” दुसऱ्या दिवशी पोराच्या मांड्या दगडासारख्या झाल्या, त्याला संडासला बसता येईना. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली. त्यानं ट्रेनरला फोन केला. ट्रेनरनं सांगितलं, पाणी पी आणि उद्या ये, मोकळं होईल.

डॉक्टरांनी रॅब्डोमायोलिसिस सांगितलं. सवय नसताना एकाएकी अति ताण दिला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंड निकामी करू शकतं. रक्तात सीपीके नावाची तपासणी करतात. निरोगी माणसात तो आकडा साधारण दोनशेच्या आसपास असतो, माझ्या मुलाचा साठ हजारांच्या पुढे गेला होता. डायलिसिसची तयारी ठेवा म्हणाले. साहेब, ती रात्र मी कशी काढली ते मी कोणत्या अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहू? कानातलं गहाण पडलं. मोठ्या मुलीच्या लग्नासाठी पतसंस्थेत ठेवलेले पैसे मोडले. नवरा ऊसतोडीला गेलेला, तो उचल अंगावर ठेवून परत आला. देवाच्या कृपेनं आणि सलाईनवर किडनी वाचली. पण ग्राउंड गेलं, आणि पुढची भरती कधी निघेल ते तुमचं सरकारही सांगू शकत नाही.

आता खात्रीचं बोलू. मी सहा वर्षांखालच्या लेकरांना खिचडी वाढते. त्यासाठी मला प्रशिक्षण घ्यावं लागलं. दर महिन्याला वजन, उंची आणि आहार पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चढवावा लागतो, एक नोंद चुकली तर पर्यवेक्षिका विचारते. औषध विकणाऱ्या फार्मासिस्टची 1948 च्या कायद्यानं नोंदणी असते. रिक्षावाल्याला बॅज लागतो. आणि जो माणसाच्या पाठीवर शंभर किलोचं वजन ठेवतो, बीपी किती आहे ते न विचारता माणसाला पळवतो, त्याला काय लागतं? काहीच लागत नाही. जिमला 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो, म्हणजे कामगारांचे तास आणि सुट्ट्या. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना दिली की झालं. आत शिकवणारा कोण, हे त्या कायद्यात कुठेच नाही.

केंद्राच्या कौशल्य विकास व्यवस्थेत फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे, परीक्षा घेऊन दाखला देणारा. पण तो सक्तीचा नाही. मग कोण करील? दोन दिवसांत चौकट मिळते तर महिने कोण घालवील? आमच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी मला सांगितलं की चांगला ट्रेनर पहिल्या दिवशी वजन उचलायला लावतच नाही. आधी कागदावर विचारतो: छातीत दुखतं का, चक्कर येते का, गुडघा-कंबर, साखर, चालू गोळ्या. मग हलकी सुरुवात, हळूहळू वाढ, मध्ये विश्रांतीचा दिवस. त्याच्याकडे प्रथमोपचार आणि सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून जीव वाचवण्याचा, दाखला असतो. पावडर तो विकत नाही, सुई तर हातातही धरत नाही. जुन्या तालमीत वस्तादही पोराची छाती-पाठ, खाणं, झोप बघून बैठका वाढवायचे. हे सगळं माझ्या मुलाला त्या जिमच्या दारावर लिहिलेलं कुठे दिसणार होतं? ते लावायला लावणं हे कोणाचं काम?

आणि सुईवरून निघालं म्हणून विचारते. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरायचं इंजेक्शन. अंगात जोर येईल म्हणून ते चिठ्ठीशिवाय जिममधल्या पोरांपर्यंत पोचतं, याच्या बातम्या पुण्या-मुंबईतून येतात. पकडलं जातं तेवढं पेपरात येतं, बाकीचं पोरांच्या शिरांत जातं. आमच्या एका तालुक्यात पंधरा-वीस तरी जिम आहेत, तिथे कोण तपासायला येतं? उद्घाटनाची फीत कापायला मात्र पुढारी येतात. माझ्या मुलाच्या जिमचीही पुढाऱ्यानंच कापली होती, फोटो अजून तिथे लावलेला आहे.

खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत पदक आणलं. त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते 2024 ला, नेमबाज स्वप्निल कुसाळेच्या रूपानं. पदक आलं की कोटीची घोषणा होते. आणि ज्यांनी शास्त्र शिकून घेतलं ती बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, झालेली पोरं खासगी शाळांत तासिकेवर राबतात, नाहीतर रसवंती चालवतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून व्यायाम शिकवणारी अशी माणसं घडवतंय. शिकलेली माणसं घरी बसवायची, न शिकलेल्यांच्या हाती पोरं द्यायची, आणि पोरगं पडलं की आईला विचारायचं, खात्री का केली नाही? हे एका खात्याचं राहिलेलं नाही. शाळेत खेळाचा तास गणिताला देतात तिथून हे सुरू होतं.

केंद्राकडे बोट दाखवू नका. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा राज्याचा विषय आहे. ट्रेनरची नोंदणी सक्तीची करा, नोंदणी क्रमांक मोबाइलवर तपासता येऊ द्या, तो दारावर लावायला लावा. बी.पी.एड. पोरांना त्यात पहिलं स्थान द्या. दुखापत झाली तर जिमवर गुन्हा कोणत्या कलमाखाली घ्यायचा ते ठाण्यांना लेखी कळवा, कारण आमच्या ठाण्यात मला “आपसात मिटवा” असं सांगितलं.

आणि गृहखात्याशी बोलून, दवाखान्याच्या कागदावर ग्राउंडसाठी दुसरी तारीख मिळेल अशी सोय करा. माझ्या मुलाचं डिस्चार्ज कार्ड आणि हॉल तिकीट, दोन्हीच्या प्रती मी आपल्या कार्यालयाला टपालानं पाठवल्या आहेत. पोच अजून मिळालेली नाही.

आपली,
एक अंगणवाडी सेविका