स्वस्त ओन्सेन निवडायचे, तर हिशेब माणशी करा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मी मूळची पुण्याची, गेली अनेक वर्षे टोकियोत राहते. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत इकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांची वर्दळ अलीकडे वाढली आहे आणि त्यांतले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात, की ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या हॉटेलात, एखादी रात्र काढणे परवडेल का. सहलीच्या लेखांत ओन्सेन म्हटले की टोकियोजवळच्या हाकोनेतली खासगी कुंड असलेली खोलीच दिसते, आणि त्या खोलीचा दर पाहून मंडळी हा बेतच रद्द करतात. थोडी माहिती घेऊन निवड केली तर आईवडील आणि मुलांसह हा मुक्काम सहज जमतो, म्हणून हे पत्र.

जपानच्या १९४८च्या कायद्यानुसार जे पाणी उगमापाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम आहे, अथवा ज्यात ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात आहे, ते ओन्सेन. या कसोटीला मोठे, गर्दीचे, साधे हॉटेलही उतरते. महागड्या पारंपरिक निवासात जास्तीचे पैसे प्रामुख्याने खोलीत वाढल्या जाणाऱ्या जेवणाचे, सेवेचे आणि एकांताचे असतात. पाणी वाहते आहे की गाळून पुन्हा वापरले जाते, हा फरक मात्र खरा आहे. पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता स्नानगृहाजवळ लावलेला असतो, तिथे तो पाहता येतो.

दर वाचताना आपली माणसे हमखास फसतात. इथे ओन्सेन हॉटेलचा दर खोलीला नसून माणशी असतो आणि त्यात बहुधा रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. बुफे पद्धतीच्या मोठ्या हॉटेलांत आठवड्याच्या मधल्या वारी माणशी १० ते १५ हजार येन हा दर मला वाजवी वाटतो, आणि एक येन म्हणजे साधारण साठ पैसे. शाळकरी मुलांना जेवणाच्या प्रकारानुसार मोठ्यांच्या दराच्या ७० किंवा ५० टक्के आकारणी होते. वेगळे अंथरूण आणि जेवण न घेणाऱ्या लहानग्याला अगदी थोडे किंवा काहीच पडत नाही. याखेरीज सहसा माणशी १५० येन स्नानकर असतो. सासूसासरे आले तेव्हा आम्ही चार मोठी माणसे, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे गेलो होतो. १२ हजारांच्या दराने सगळे मिळून ५५ हजार येनांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३३ हजार रुपये, झाले. तातामीच्या, म्हणजे जमिनीवर गवती चटया अंथरलेल्या, एकाच मोठ्या खोलीत गाद्या घालून सहाही जण झोपलो. टोकियोत तेवढ्याच माणसांना दोन-तीन खोल्या घेऊन बाहेर जेवायचे म्हटले, तर फार कमी खर्च येत नाही. मात्र सासूबाईंच्या गुडघ्यांना जमिनीवरची बैठक मानवली नाही. ज्येष्ठ बरोबर असतील तर खुर्च्या किंवा पलंग असलेली खोली आधीच मागावी.

तारखांचे गणित त्याहून महत्त्वाचे आहे. आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीतच इथला ‘गोल्डन वीक’ येतो, म्हणजे २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपासच्या लागोपाठ सुट्ट्या. त्या दिवसांत दर कडाडतात आणि खोल्याही मिळत नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यात गेलात तर हवा तशीच सुखद असते आणि त्याच खोलीचे दर खूप उतरलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत टोकियोच्या उत्तरेकडच्या निक्को आणि हाकोने भागात पानगळीच्या रंगांसाठी झुंबड असते, तेव्हा निदान शनिवारची रात्र टाळावी.

गाव निवडताना प्रवासखर्चही मोजावा. टोकियोहून आतामीला शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येते आणि साध्या गाडीने जवळपास दोन तासांत, पण बऱ्याच कमी भाड्यात. टोकियोतल्या आसाकुसाहून तोबू रेल्वेने सुमारे दोन तासांवर किनुगावा आहे, तिथून निक्कोही जवळ आहे. एवढ्यासाठी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा रेल्वे पास घेऊ नये, कारण ऑक्टोबर २०२३मध्ये त्याची किंमत २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० झाली. क्योतोला जाणार असाल तर सुमारे अडीच तासांवरचे किनोसाकी मला सर्वांत आवडते. गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि तिथल्या निवासात उतरलेल्यांना ती मोफत असतात, त्यामुळे हॉटेल साधे घेतले तरी काही बिघडत नाही. हिवाळ्यात खेकड्यांच्या हंगामामुळे तिथले दर चढतात. कुसात्सू या दुसऱ्या ओन्सेन-गावाचे पाणी फार आम्लधर्मी आणि गंधकयुक्त आहे. मुलांना डोळे चोळू देऊ नयेत आणि चांदी काढून ठेवावी. माझी जोडवी पहिल्याच स्नानात काळी ठिक्कर पडली होती.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचा विचार सर्वांत आधी करावा. जपानी सूपच नव्हे, तर शिजवलेल्या भाज्याही बहुधा सुक्या माशाच्या अर्कात केलेल्या असतात. ठरीव पानाच्या जेवणात ऐन वेळी बदल होत नाही. बुफेत निदान साधा भात, कोशिंबिरी, पाव आणि फळे निवडून घेता येतात. सासूबाई आधी खोलीत भातावर घरचे मेतकूट आणि तूप घालून जेवल्या आणि मग आमच्याबरोबर फळे घ्यायला खाली आल्या, कारण भोजनगृहात बाहेरचे खाणे चालत नाही. भात खोलीवर मिळेल का, हेही आम्ही आधीच विचारले होते. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर जाणाऱ्यांना बेप्पूतील कान्नावा भाग सुचवते. तिथे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर रताळी, मका, भोपळा स्वतः उकडून खाता येतो आणि स्वयंपाकाची सोय असलेले साधे निवासही आहेत.

स्नानाबद्दलचा संकोच मला पूर्ण समजतो. स्त्रियांची आणि पुरुषांची कुंडे वेगळी असतात, पण आत कपडे चालत नाहीत, आणि साधारण सात किंवा त्याहून जास्त वर्षांच्या मुलाला आईबरोबर बायकांकडे नेता येत नाही. यावर उपाय म्हणजे ‘काशिकिरी’, म्हणजे ठरावीक वेळेपुरते एका कुटुंबासाठी राखून मिळणारे कुंड. ते बऱ्याच हॉटेलांत असते, कुठे मोफत तर कुठे दोन-तीन हजार येनांत. पहाटेच्या वाफाळत्या पाण्यात बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगदी वज्रेश्वरीला आल्यासारखं वाटतंय गं.” रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरावे आणि पाच-दहा मिनिटांवर बसू नये.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगते. एकदा आम्ही एका गावी रात्री साडेसातनंतर पोहोचलो. जेवणाची शेवटची वेळ टळून गेली होती, पैसे भरलेले असूनही जेवण मिळाले नाही आणि मुले बिस्किटांवर झोपली. पोहोचायची वेळ आम्ही विचारली नव्हती आणि त्यांनीही कळवली नव्हती. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान पोहोचता येईल अशीच गाडी धरावी.

आपल्याला विनंती अशी, की जपानच्या सहलीविषयी मजकूर छापताना हॉटेलचा दर माणशी आहे की खोलीला, त्यात रात्रीचे जेवण आहे का, कुटुंबासाठी वेगळे कुंड मिळते का आणि शाकाहाराची सोय काय, एवढी माहिती आवर्जून द्यावी.

कळावे,

आपली,
एक वाचक, टोकियो